ॲडसेन्समध्ये डॉलर दिसतात, बँकेत रुपया येत नाही: अडकलेले पेमेंट कुठे शोधायचे

केळीचे रोजचे भाव, कापसाची खरेदी, अहिराणी म्हणी, पोलीस भरतीचे सराव प्रश्न. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अशा विषयांवर छोट्या वेबसाइट चालवणारे बरेच आहेत आणि त्यांची एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. वेबसाइटवर जाहिराती दाखवून मालकाला कमाईचा वाटा देणारी गूगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स. तिच्या पानावर शंभर-सव्वाशे डॉलर दिसतात, महिना उलटतो, दुसरा उलटतो, खात्यात काही जमा होत नाही. मग कोणी गूगलला बोल लावतो, कोणी पोस्टमनला, तर कोणी सरळ दुसरे ॲडसेन्स खाते उघडतो. यातला शेवटचा उपाय सर्वांत घातक. एका व्यक्तीच्या नावावर ॲडसेन्सचे एकच खाते चालते. दुसरे उघडले की ते नाकारले जाते, आणि कधी कधी पहिलेही गोत्यात येते.

पैसे अडकायच्या जागा मोजक्या आहेत: रकमेची मर्यादा (१०० डॉलर झाल्याशिवाय पेमेंट निघत नाही), पत्ता पडताळायला टपालाने येणारा पिन, नाव, बँकेचा कोड आणि शेवटी बँकेची शाखा. याच क्रमाने तपासत जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. घाबरून एकाच दिवशी पत्ता, नाव आणि बँक असे तिन्ही बदलले की मूळ दोष कुठे होता हेच कळेनासे होते, शिवाय नव्याने पडताळणी मागे लागते ती वेगळीच.

आधी पेमेंटचे पान वाचा

ॲडसेन्समध्ये डावीकडे ‘पेमेंट्स’ आणि त्याखाली ‘पेमेंट्स इन्फो’ उघडा. पेमेंट रोखलेले असेल तर तिथे पट्टी दिसते आणि कारणही लिहिलेले असते. पत्त्याची पडताळणी बाकी, ओळखीची पडताळणी बाकी, पेमेंटची पद्धत जोडलेली नाही, कराची माहिती भरलेली नाही, यांपैकी काहीतरी. मोबाईलवर ही पट्टी अर्धीच दिसते म्हणून संगणकावर किंवा ब्राउझरच्या ‘डेस्कटॉप साइट’मध्ये पाहा.

मुख्य पानावर कमाई धोक्यात असल्याची ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ फाइलची (तुमच्या साइटवर जाहिराती कोण विकू शकतो हे सांगणारी फाइल) सूचना येते, तिचा या रोखलेल्या पेमेंटशी संबंध नाही. ती फाइल वेबसाइटच्या मूळ फोल्डरमध्ये हवी आणि तिच्यातला ‘पब’पुढचा १६ अंकी क्रमांक तुमच्याच खात्याचा हवा, एवढे पाहून पुढे चला. नुसते पेमेंट शोधायचे असेल तर त्या सूचनेमागे दिवस घालवू नका.

पट्टी कुठलीच नाही आणि तरी पैसे नाहीत, असे असेल तर एक सेटिंग बघा. ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये पेमेंटचे वेळापत्रक असते. तिथे पुढची एखादी तारीख टाकून पेमेंट स्वतःहून थांबवता येते, आणि किमान मर्यादा १०० डॉलरच्या वरही नेता येते. वेबसाइट दुसऱ्याकडून उभारून घेतलेली असेल तर त्याने हे करून ठेवलेले असू शकते.

त्यावरून आणखी एक. तालुक्याच्या गावी वेबसाइट बनवून देणाऱ्याने जाहिराती स्वतःच्या ॲडसेन्स खात्यातून लावलेल्या असतात आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नसतो. पेमेंट प्रोफाइलमध्ये नाव त्याचे असेल तर पैसे त्यालाच जाणार. ॲडसेन्स खाते एका माणसाकडून दुसऱ्याकडे वळवता येत नाही. तुमच्या नावावर खाते नसेल तर नवे उघडा, त्यात तीच वेबसाइट जोडा, मंजुरी आल्यावर जाहिरातींचा कोड बदला.

शंभर डॉलर खरेच झाले आहेत का

मुख्य पानावर दिसणारी कमाई अंदाजित असते. महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या ३ तारखेच्या सुमारास ती पक्की होते आणि तेव्हाच ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये नोंदली जाते. दरम्यान अवैध क्लिकची रक्कम वजा होते. महिनाअखेर १०४ दिसलेले पक्के होताना ९७ झाले, तर त्या महिन्यात पेमेंट होणार नाही. ९७ डॉलर पुढे ओढले जातील. ते बुडत नाहीत.

ही वजावट मोठी असेल तर कारण बहुधा घरातच असते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या पोराची साइट आहे, जाहिरातीवर क्लिक करा’ असा निरोप गेला की एकाच भागातून, एकाच प्रकारच्या मोबाईलवरून, दोन-दोन सेकंदांत क्लिक पडतात आणि यंत्रणा ते सहज ओळखते. पैसे कापले जातात ते जातात, वर जाहिरातींवर मर्यादा येते आणि सारखे घडले तर खातेच बंद होते. ग्रुपवर लेखाची लिंक खुशाल टाका, जाहिरातीचा उल्लेखही नको. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करून ‘चालते का’ हे बघायचीही गरज नाही.

यूट्यूब चॅनेलही असेल तर आणखी एक घोळ होतो. २०२२ पासून यूट्यूबची कमाई ‘ॲडसेन्स फॉर यूट्यूब’ या वेगळ्या पेमेंट खात्यात जाते आणि दोन्हींची १०० डॉलरची मर्यादा स्वतंत्र मोजली जाते. अहिराणी विनोदी व्हिडिओंचे ७० आणि वेबसाइटचे ६० मिळून १३० होतात खरे, पण पेमेंट एकाचेही निघत नाही. पेमेंटच्या पानावर वरच्या बाजूला खाते बदलायची यादी असते, ती उघडून दोन्ही शिल्लक वेगळ्या पाहा.

पिनचे पत्र

खान्देशात बरीच खाती इथे अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

शिल्लक १० डॉलर झाली की गूगल सहा अंकी पिन छापून तुमच्या पेमेंट प्रोफाइलमधल्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवते. खात्यात ओळखीची पडताळणी मागितली असेल तर आधी ती पूर्ण करा, ती लटकलेली असताना पिनची वाट बघण्यात अर्थ नाही. पत्र यायला साधारण दोन ते चार आठवडे धरायचे. हे स्पीड पोस्ट नसते, त्याला ट्रॅकिंग क्रमांक नसतो, सही घेऊन दिले जात नाही. लहानसे, कडा फाडून उघडायचे घडीचे पाकीट असते आणि जाहिरातीच्या पत्रकासारखे दिसते. घरच्यांनी ते रद्दीत टाकण्याची शक्यता हरवण्याइतकीच मोठी, तेव्हा घरात आधी सांगून ठेवा.

पत्र न पोचण्याची कारणे बहुतेक वेळा पत्त्यातच असतात.

पहिले कारण पिनकोड. पिनकोडचे पहिले तीन आकडे टपाल खात्याच्या वर्गवारीचे असतात, महसुली जिल्ह्याचे नव्हेत. धुळे शहर ४२४००१, पण धुळे जिल्ह्यातलेच शिरपूर ४२५४०५. जळगाव शहर ४२५००१, पण जळगाव जिल्ह्यातले चाळीसगाव ४२४१०१ आणि पाचोरा ४२४२०१. नंदुरबार ४२५४१२, शहादा ४२५४०९, म्हणजे आकडे जळगावच्या ४२५ शी जुळणारे. ‘जळगाव जिल्हा म्हणजे ४२५’ असे धरून चाळीसगावकडचा माणूस बरोबर पिनकोड ‘दुरुस्त’ करून चुकीचा करून ठेवतो. भारतीय डाक विभागाच्या संकेतस्थळावर पिनकोड शोधायची सोय आहे, तिथे गावाचे डाकघर शोधून आकडा घ्या. आधारवरचा पिनकोडही एकदा पडताळून पाहा, केंद्रावर घाईत चुकीचा टाकलेला असू शकतो.

दुसरे कारण ‘मु.’ आणि ‘पो.’ एकच धरणे. प्रत्येक गावात डाकघर नसते. गाव एक, शाखा डाकघर शेजारच्या गावात, आणि त्याच्यावरचे उपडाकघर तिसरीकडे, अशी साखळी असते. पिनकोड त्या उपडाकघराचा. पत्त्यात फक्त स्वतःचे गाव आणि तालुका असेल तर पत्र उपडाकघरापर्यंत येते आणि कोणत्या शाखेच्या थैलीत घालायचे यावर अडते. रावेर तालुक्यात वाघोदा बुद्रुक आहे आणि वाघोदा खुर्दही. ‘बुद्रुक’ न लिहिलेले पत्र कुठे जाईल हे नशिबावर. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर गावाखाली पाडा लिहिल्याशिवाय घर सापडत नाही.

तिसरे कारण नाव. शहरात घर क्रमांकाने घर सापडते, खेड्यात वडिलांच्या नावाने. पोस्टमन तुमच्या वडिलांना ओळखतो, पुण्याला नोकरी करून परत आलेल्या तुम्हाला ओळखेलच असे नाही. पत्त्याच्या पहिल्या ओळीत ‘मार्फत’ लिहून वडिलांचे नाव टाका.

पत्ता रोमन लिपीत भरा, कारण पाकीट परदेशातून छापून येते. रचना साधारण अशी ठेवा:

- पहिली ओळ: मार्फत वडिलांचे नाव, घर क्रमांक, गल्ली किंवा वाडा, जवळची खूण (मंदिर, शाळा, दूध डेअरी)
- दुसरी ओळ: मु. गाव, पो. ज्या गावात डाकघर आहे ते गाव
- शहर: तालुक्याचे ठिकाण
- राज्य: महाराष्ट्र
- पिनकोड: डाकघराचा, गावाच्या अंदाजाने नव्हे

जिल्हा दुसऱ्या ओळीच्या शेवटी लिहिलात तरी चालेल. मात्र नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. जुन्या दाखल्यावरून पत्ता उतरवताना ‘जि. धुळे’ तसेच राहून जाते, ते बदला. ओळीत मोबाईल क्रमांक घालण्याची युक्ती बरेच जण वापरतात आणि पोस्टमनला ती उपयोगी पडते. पुढे कागदपत्राने पडताळणी करायची वेळ आली तर मात्र तो क्रमांक काढून पत्ता कागदाप्रमाणे करा.

सुरत, पुणे किंवा नाशिकला खोली घेऊन राहत असाल तर पुढचे दोन-तीन महिने जिथे नक्की असाल तो पत्ता द्या. राज्य बदलले तरी हरकत नाही, देश मात्र बदलता येत नाही. तालुक्याच्या गावी ओळखीच्याचे दुकान असेल तर त्या दुकानाचा पत्ता खेड्यातल्या पत्त्यापेक्षा भरवशाचा ठरतो, कारण तिथे दिवसभर कोणीतरी असते.

पत्र निघाल्यानंतर शाखा डाकघरात जाऊन डाकपालाला स्वतः भेटा. ‘माझ्या नावाचे परदेशातून साधे पाकीट येणार आहे’ एवढे सांगा आणि नाव रोमन लिपीत कागदावर लिहून द्या. खेड्यात टपाल किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीत ठेवून जाण्याची पद्धत असते, तिथेही विचारा. उपडाकघरात ‘पत्ता अपुरा’ म्हणून बाजूला पडलेली पाकिटे असतात; महिना होऊन गेला असेल तर तिथे एक चक्कर टाकणे फुकट जात नाही.

पिन आलाच नाही, तर

पहिला पिन निघाल्यापासून तीन आठवड्यांनी दुसरा मागवता येतो. असे तीन वेळा, म्हणजे मूळचा धरून एकूण चार पिन. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर वेबसाइटवर जाहिराती दिसणे बंद होते. हिशेब करा: पिन निघाले ते ०, २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी, शेवटच्याची वाट आणखी तीन आठवडे, म्हणजे ८४ वा दिवस. चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. मधे पाचेक आठवडे शिल्लक राहतात. ‘येईल की’ म्हणत प्रत्येक वेळी दीड महिना थांबलात तर हे गणित बसत नाही. २१ वा दिवस मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

नवा पिन मागवण्यापूर्वी पत्ता दुरुस्त करा. त्याच चुकीच्या पत्त्यावर चार पत्रे मागवणारे कमी नाहीत.

चारही पिन हुकले की ओळखपत्र चढवून पत्त्याची पडताळणी करायचा पर्याय पानावर दिसू लागतो. पहिल्या दिवसापासून तोच शोधत बसू नका, आधी तो नसतो. कोणते कागद चालतील त्याची यादी तिथेच दिसते, त्या यादीबाहेरचा कागद चढवून उपयोग नाही. फोटो चारही कोपरे दिसतील असा, सपाट टेबलावर ठेवून, फ्लॅश न लावता काढा. लॅमिनेशनवर उजेड चमकतो आणि नेमकी पत्त्याची ओळ पुसट होते. झेरॉक्सचा फोटो चालत नाही. कागदावरचा पत्ता आणि प्रोफाइलमधला पत्ता जुळले पाहिजेत, म्हणून आधी प्रोफाइल कागदाप्रमाणे करा, मग कागद चढवा.

पिन हाती आला तर तो भरायला तीनच संधी आहेत. तीनदा चुकला की जाहिराती थांबतात. गंमत वाटेल, पण या चौकटीत डाकघराचा पिनकोड भरणारेही सापडतात, तोही सहा अंकीच!

नाव: इथे एक अक्षर पुरते

पेमेंट प्रोफाइलमधले नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव ही तिन्ही एकसारखी हवीत. खान्देशातल्या आडनावांचे रोमन स्पेलिंग ही यातली कायमची डोकेदुखी. चौधरी कुठे ‘सीएच’नंतर ‘एयू’ लावून, कुठे ‘ओयू’ लावून, शेवटी कुठे ‘आय’, कुठे ‘वाय’. पॅनवर एक, पासबुकावर दुसरे. शिवाय बँकेत आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी, मधे वडिलांचे नाव कुठे पूर्ण तर कुठे एकाच अक्षरात.

पॅनवरचे स्पेलिंग पाया धरा. प्रोफाइल त्याप्रमाणे करा, आणि बँकेत वेगळे असेल तर पॅनची प्रत देऊन बँकेतले नाव दुरुस्त करून घ्या. उलट दिशेने, म्हणजे बँकेसाठी पॅन बदलायला जाऊ नका. त्याने आयकराच्या बाजूला नवा गुंता होतो. नावाच्या क्रमाने सहसा अडत नाही, अक्षर बदलले की अडते.

याहून मोठी चूक म्हणजे नावाच्या जागी वेबसाइटचे नाव भरणे. खाते उघडताना ‘वैयक्तिक’ आणि ‘व्यवसाय’ असे दोन प्रकार विचारतात. ‘आपला तर व्यवसायच’ म्हणून दुसरा निवडला, नाव भरले साइटचे, आणि त्या नावाची ना नोंदणी ना चालू खाते. ओळखीची पडताळणी मग संस्थेची कागदपत्रे मागते. प्रकार नंतर बदलता येत नाही. खाते बंद करून नवे उघडावे लागते. बंद करताना शिल्लक १० डॉलरच्या वर असेल आणि कुठलीही अडवणूक नसेल तर अखेरचे पेमेंट महिनाअखेरीपासून सुमारे ९० दिवसांत निघते. म्हणून ही चूक १० डॉलरच्या आत लक्षात आली तर फारसे नुकसान नाही, तेव्हाच बदलून टाका.

अठरा वर्षे पूर्ण नसलेल्यांनी खाते आई-वडिलांच्या नावे उघडायचे. अशा वेळी ओळखपत्र, पत्ता, बँक खाते सगळे त्यांचेच. खाते मुलाच्या नावे आणि बँक वडिलांची, असा मेळ बसत नाही.

कराच्या भागात जास्त वेळ जाऊ नये. भारतातल्या वेबसाइट प्रकाशकांना पैसे गूगलच्या सिंगापूरच्या कंपनीकडून येतात म्हणून फॉर्म सिंगापूरचा दिसतो. तिथे ‘जीएसटी नोंदणी आहे का’ हा प्रश्न सिंगापूरच्या जीएसटीचा आहे. तुमचा महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक तिथे भरायचा नाही. यूट्यूबवाल्यांना अमेरिकेचा वेगळा फॉर्म असतो. तो न भरल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पॅन देऊन भरला आणि भारत-अमेरिका कर करारातला दर मागितला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के.

बँकेचे कोड

पैसे डॉलरमध्ये, ‘वायर ट्रान्सफर’ने येतात. त्यासाठी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड, लागतो आणि बहुतेकांची गफलत इथेच होते, कारण देशातल्या व्यवहारांसाठी शाखा ओळखणारा आयएफएससीही ११ अक्षरांचा आणि स्विफ्टही ८ किंवा ११ अक्षरांचा. ओळखायचे असे: आयएफएससीमध्ये पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. भारतीय बँकेच्या स्विफ्टमध्ये पाचव्या-सहाव्या स्थानावर भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरे असतात. एकाच्या जागी दुसरा टाकला की फॉर्म तक्रार करतो किंवा पैसे वाटेत फिरून परत जातात.

सावदा किंवा फैजपूरच्या शाखेला आयएफएससी असतो, पण स्विफ्ट कोड प्रत्येक शाखेला नसतो. परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेचा किंवा मुख्यालयाचा स्विफ्ट वापरायचा आणि खाते क्रमांक व आयएफएससी आपल्या शाखेचा द्यायचा. कोणता स्विफ्ट हे इंटरनेटवरच्या याद्यांतून उचलू नका, शाखेतून लेखी घ्या. त्या यादीतले कोड जुने असतात. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. या बँकांचे जुने पासबुक समोर ठेवून फॉर्म भरलात तर कोड मेलेला निघेल.

कोणते खाते देऊ नये तेही पाहा. पतसंस्थेचे खाते चालणार नाही. सहकारी बँकेचे असेल तर ‘थेट स्विफ्टने डॉलर येतात का’ हा एकच प्रश्न आधी विचारा; उत्तरात ‘दुसऱ्या बँकेमार्फत’ असे आले तर मधल्या बँकेचा तपशीलही फॉर्ममध्ये भरावा लागतो आणि शुल्क दोनदा कापले जाते. पीककर्जाचे खाते अजिबात देऊ नका. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेले ‘छोटे खाते’ असेल तर त्यात परदेशातून आलेली रक्कम जमा करता येत नाही, आणि वर्षाला एकूण १ लाख रुपयांच्या जमेची मर्यादाही असते. जनधनमधली काही खाती अशीच उघडलेली आहेत. शाखेत पूर्ण केवायसी करून घेतली की ही अडचण सुटते.

पेमेंट निघाले, पण जमा नाही

‘ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये पेमेंट निघाल्याची ओळ दिसत असेल तर गूगलचे काम झाले. आता वेळापत्रक बघा. जानेवारीत शंभरी ओलांडली, तर रक्कम ३ फेब्रुवारीच्या सुमारास पक्की होते आणि २१ ते २६ फेब्रुवारीच्या दरम्यान निघते. २० तारखेपर्यंत जी माहिती भरलेली असेल तिच्यावरच हे ठरते. पिन २२ ला भरला तर पैसे मार्चच्या फेरीत. निघाल्यापासून बँकेत पोचायला कामाचे पाच दिवस धरा, मधे दुसरा किंवा चौथा शनिवार आला तर तोही सोडा.

तेवढे दिवस उलटले की त्या ओळीवर क्लिक करून पावती उघडा आणि छापून शाखेत न्या. ‘गूगलचे पैसे आले का’ असे विचारलेत तर काउंटरवरचा माणूस तुमचे खाते बघून ‘नाही’ म्हणणार. पैसे तुमच्या खात्यावर नसतातच, ते बँकेच्या परकीय चलन विभागात तुमच्या सूचनेची वाट बघत असतात. विचारायचे असे: ‘माझ्या नावावर परदेशातून आवक रक्कम आली आहे का, आणि ती कोणत्या केंद्रात थांबली आहे?’ पावतीवरचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि डॉलरमधली रक्कम दाखवा.

पहिल्या वेळी बँक बहुधा एक अर्ज भरून घेते: पैसे कशाचे, कोणाकडून, कोणत्या खात्यात जमा करायचे. त्यात रिझर्व्ह बँकेचा उद्देश कोड लागतो. वेबसाइटवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नाला जवळचा कोड पी १००७ आहे, तो जाहिरात, व्यापारी प्रदर्शन आणि बाजार संशोधन या सेवांचा. काही शाखा सवयीने संगणक सेवेचा कोड लावतात. ‘घरखर्चासाठी नातेवाइकाने पाठवले’ या अर्थाचा कोड मात्र लावू देऊ नका. आखाती देशांतून घरी येणाऱ्या पैशांची सवय असलेल्या शाखेत तो पटकन लागतो आणि उत्पन्नाची नोंदच चुकीची होते. हा अर्ज अनेक बँका ईमेलने पाठवतात. खात्याशी जोडलेला ईमेल सायबर कॅफेवाल्याचा असेल तर तो तुम्हाला कधीच दिसणार नाही. जोडलेला मोबाईल आणि ईमेल शाखेत तपासून घ्या. पुढच्या प्रत्येक पेमेंटला हाच अर्ज लागू नये म्हणून कायमस्वरूपी सूचना देता येते का, तेही त्याच भेटीत विचारा.

जमा रक्कम गूगलवर दिसणाऱ्या डॉलरच्या दराने केलेल्या हिशेबापेक्षा कमी दिसेल. बँक स्वतःचा दर लावते, आवक शुल्क घेते आणि चलन बदलण्यावर जीएसटी घेते. हा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. १ लाख रुपयांपर्यंत रकमेचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. म्हणजे २५ हजारांपर्यंत तो ४५ रुपयेच. याहून बरेच जास्त कापले असेल तर ते बँकेचे किंवा मधल्या बँकेचे शुल्क आहे, त्याचा तपशील मागा. शुल्क प्रत्येक व्यवहाराला ठरावीक असेल तर ॲडसेन्समधली मर्यादा २५०-३०० डॉलरवर न्या, वर्षाकाठी कपात कमी होईल. आवक रकमेचा दाखला, म्हणजे एफआयआरए, दर वेळी घेऊन ठेवा. विवरणपत्र भरताना तो लागतो आणि वर्षभराचे एकदम मागायला गेले की शाखेत कोणी सापडत नाही.

बँकेने रक्कम परत पाठवली असेल तर ती काही आठवड्यांत ॲडसेन्सच्या शिल्लकेत पुन्हा दिसते आणि पेमेंट पुन्हा रोखले जाते. तेव्हा जुनी बँक तशीच ठेवून नुसते थांबू नका. परत येण्याचे कारण शाखेतून विचारा, दुरुस्त तपशिलाची नवी पेमेंट पद्धत जोडा, तिला ‘प्रायमरी’ करा, मग जुनी काढा. जुनीच प्रायमरी राहिली तर पुढचे पेमेंटही त्याच मेलेल्या कोडवर जाते. हे सगळे २० तारखेच्या आत झाले आणि रोखल्याची पट्टी गेली, तर अडकलेली रक्कम आणि त्या महिन्यापर्यंत पक्की झालेली कमाई एकाच पेमेंटमध्ये निघते.